आठ महिन्यांची लेक दत्तक येतेय, कंपनी म्हणते रजा बसत नाही. काय करू?

घरट्याची वाट | १५ जून २०२४

नमस्कार. दोन दिवस लिहू की नको असं चाललं होतं, आज लिहितेच.

मी चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत अकाउंट्सला आहे. सहा वर्षं पूर्ण झाली. नवरा भोसरीत एका वर्कशॉपमध्ये डिझाइनचं काम करतो. ऑगस्ट २०२० मध्ये आम्ही काराच्या (दत्तकाचं काम बघणारी केंद्र सरकारची संस्था) पोर्टलवर नाव नोंदवलं. सामाजिक कार्यकर्तीची घरभेट झाली, अहवाल चढला आणि मग वाट बघणं सुरू झालं. पावणेचार वर्षं. पहिल्या वर्षी मी रोज सकाळी पोर्टल उघडून आपला क्रमांक बघायचे, नंतर नवऱ्याने ते बंद करायला लावलं.

५ जूनला दुपारी मी बिलं जुळवत बसले होते आणि मेसेज आला. आठ महिन्यांची मुलगी. फोटो बघून ४८ तासांत राखून ठेवायचं असतं, आम्ही चाळीस मिनिटांत ठेवलं. १२ तारखेला विदर्भातल्या त्या संस्थेत जाऊन आलो. तिचा वैद्यकीय अहवाल आमच्या बालरोगतज्ज्ञांना दाखवला, सगळं ठीक आहे म्हणाले. तिथल्या मावशींनी तिला माझ्या मांडीवर ठेवलं, तर तिने माझ्या ओढणीचं टोक मुठीत धरलं. निघताना ते सोडवायला मावशींना तिचं एकेक बोट उघडावं लागलं.

तिच्या मागची गोष्ट तिची आहे, ती मी कुठेच लिहिणार नाही.

आता अडचण. काल एचआरकडे रजेचं विचारायला गेले. ते म्हणाले, कायद्यात तीन महिन्यांच्या आतलं मूल असं लिहिलंय, तुमचं आठ महिन्यांचं आहे, रजा बसत नाही. इथपर्यंत मी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तसंही तुम्हाला बाळंतपणाचा त्रास नाहीये ना मॅडम, मूल आयतं मोठं झालेलं मिळतंय."

आयतं. पावणेचार वर्षांनी.

माझ्याकडे १९ पीएल (साठलेल्या पगारी रजा) शिल्लक आहेत. नवऱ्याकडे १०. सासूबाई साताऱ्याला असतात, गुडघ्यांमुळे त्यांना बाळ उचलून घेणं जमत नाही. मूल जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात घरी येईल. कायद्यात खरंच असं आहे का? असेल तर मी काय मागू शकते, कोणत्या शब्दांत मागू? आणि नवऱ्याला काही मिळतं का? माहिती असेल त्यांनी सांगा, प्लीज. पुढच्या आठवड्यात मला अर्ज द्यायचा आहे.

हजेरीपट | १५ जून २०२४

आधी अभिनंदन, ताई. ती बातमी खाली राहायला नको.

मी २४ वर्षं कारखान्यांच्या पर्सोनेल खात्यात काढली, आता निवृत्त आहे. तुमच्या एचआरने कलम बरोबर सांगितलंय, बाकीचं बोलणं मात्र शोभणारं नव्हतं. मातृत्व लाभ कायदा १९६१ चा. त्यात २०१७ साली दुरुस्ती झाली आणि बाळंत होणाऱ्या बाईची रजा पहिल्या दोन मुलांसाठी १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली. त्याच दुरुस्तीने दत्तक आईला पहिल्यांदा या कायद्यात जागा मिळाली. कलम ५, पोटकलम ४: तीन महिन्यांच्या आतलं मूल कायदेशीर दत्तक घेतलं तर १२ आठवडे भरपगारी रजा. मूल तीन महिन्यांच्या वरचं असेल तर आज, २०२४ मध्ये, कायदा गप्प आहे.

ही अट प्रत्यक्षात किती पोकळ आहे ते सांगतो, कारण तुमच्या अर्जात हेच यायला हवं. आईबापांनी मूल संस्थेच्या स्वाधीन केलं, तर बाल न्याय कायद्याने त्यांना फेरविचाराला दोन महिने द्यावे लागतात. मूल बेवारस सापडलं तर बाल कल्याण समिती त्याच्या आईवडिलांचा शोध घेते. दोन वर्षांच्या आतलं मूल असेल तर ते दत्तकासाठी मोकळं ठरवायला या कामी दोन महिन्यांपर्यंतचा वेळ दिलेला आहे. त्यानंतर मूल पोर्टलवर चढतं. मग पालकांचे ४८ तास, मग संस्थेत जाऊन मूल बघून होकार देण्याची मुदत, मग कागद. आता मोजा. सरकारच्याच नियमांनी चाललेलं मूल तीन महिन्यांच्या आत आईच्या हातात पडणार कधी? एका कायद्याने वेळ घ्यायला लावायचा आणि दुसऱ्याने उशीर झाला म्हणून रजा नाकारायची, असं झालंय हे. याच मुद्द्यावर २०२१ साली सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल झालीय. त्यावर विसंबून राहू नका, तुमची लेक जुलैत येतेय.

आता तुमच्या कामाचं. हा कायदा म्हणजे कमीत कमी काय द्यायचं ते सांगणारा कायदा आहे. कलम २७ मध्ये स्पष्ट आहे की मालक याहून जास्त देणार असेल तर कायदा आड येत नाही. त्यामुळे "कायद्यात बसत नाही" हे उत्तर पूर्ण नाही, "आम्हाला द्यायची नाही" हे त्याच्या पुढचं उत्तर आहे आणि ते त्यांना लेखी द्यायला लावा. तोंडी काही मागू नका. अर्ज एचआरला आणि प्रत प्लांट हेडला. "विशेष पगारी रजा, १२ आठवडे, मूल ताब्यात मिळाल्याच्या तारखेपासून" असं मागा. १२ च का, तर कायद्याने दत्तक आईसाठी हाच आकडा मान्य केलाय.

दुसरी गोष्ट, जी सहसा कोणी मागत नाही: पाळणाघर. तुमच्या कंपनीत ५० किंवा जास्त माणसं आहेत का? असतील तर कलम ११-अ लागू होतं. पाळणाघराची सोय हवी आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊ द्यायला हवं. या कलमात तीन महिन्यांची अट नाही. तुम्ही आई आहात, एवढं पुरे.

पीएल आत्ताच खर्च करू नका. विशेष रजेच्या शेवटाला जोडून मागा.

दोघींची आई | १५ जून २०२४

मी नाशिकची. माझी मोठी २०१८ मध्ये आली तेव्हा १४ महिन्यांची होती. मला एक दिवसही मिळाला नाही. तीन महिने बिनपगारी काढले आणि त्या तीन महिन्यांचे घराचे हप्ते माझ्या भावाने भरले.

तुझ्या एचआरला माहीत नसेल म्हणून सांगते, बाळंतपणाचा त्रास नसतो हे खरं आहे, पण त्या रजेची गरज मला नव्हती, लेकीला होती. आमची लेक अंधारात झोपायचीच नाही, कारण संस्थेत रात्रभर दिवा असतो. आम्ही दिवा घालवला की ती उठून बसायची आणि भिंतीकडे बघत राहायची. जेवताना ताटातलं भरभर तोंडात कोंबायची, अगदी ठसका लागेपर्यंत. कोणीही आलं तरी कडेवर जायची, दूधवाल्याच्याही. लोक म्हणायचे किती गुणी, सगळ्यांकडे जाते. आमच्या डॉक्टर म्हणाल्या, हे गुणी नाही, तिचं माणूस कोणतं ते तिला अजून कळलेलं नाही. ते कळायला दहा आठवडे लागले. अकराव्या आठवड्यात शेजारच्या काकूंनी घेतलं तर मला बघून तिने हात पसरले. काकूंना वाईट वाटलं, मी मात्र स्वयंपाकघरात जाऊन रडले.

अर्जात हे लिही. आकडे हजेरीपट यांनी दिलेत, हे तू लिही. आणि रजेत पहिला महिना घरी पाहुणे बोलावू नकोस. बारशाला सगळं गाव येऊ दे, पण नंतर.

पोस्टातला | १६ जून २०२४

तुलना म्हणून केंद्र सरकारची बाजू सांगतो, मी टपाल खात्यात आहे. आमच्याकडे दोनपेक्षा कमी मुलं असलेल्या महिला कर्मचाऱ्याने एक वर्षाच्या आतलं मूल कायदेशीर दत्तक घेतलं तर १८० दिवस भरपगारी रजा मिळते. वडिलांना १५ दिवस, दत्तक झाल्यापासून सहा महिन्यांत कधीही. याशिवाय बालसंगोपन रजा, ती मूल १८ वर्षांचं होईपर्यंत मिळून ७३० दिवस. पहिले ३६५ पूर्ण पगारी, पुढचे ८० टक्के. म्हणजे ताई केंद्राच्या नोकरीत असत्या तर त्यांची हीच लेक सहा महिने आईजवळ राहिली असती. मूल तेच, गरज तीच, फरक फक्त पगाराची स्लिप कोण छापतं याचा.

ताईंच्या मिस्टरांचं: खासगी नोकरीत पितृत्व रजेचा केंद्राचा कायदाच नाही. मालकाच्या मनावर.

हजेरीपट | १६ जून २०२४

वरच्या प्रतिसादात एक राहिलं. ज्यांचा पगार २१,००० पर्यंत आहे आणि ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापलं जातं, त्यांनी मातृत्वाचे पैसे ईएसआयकडून घ्यायचे असतात, कंपनीकडून नाही. तिथेही दत्तक आईला १२ आठवडे आहेत आणि तीन महिन्यांची अटही तीच. ताई, तुमचं ईएसआय नसणार असं धरतोय.

घरट्याची वाट | १६ जून २०२४

नाही, माझा पगार त्याच्या वर आहे. कंपनीत कामगार धरून १८० च्या आसपास माणसं आहेत. पाळणाघर नाही. असायला हवं हेसुद्धा मला आज कळलं.

हजेरीपट काका, एक शंका. एचआर म्हणतात, कोर्टाचा किंवा जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश आणि मुलीचा जन्मदाखला आणा, मग पुढचं बोलू. पण मूल आधी दत्तकपूर्व संगोपनात घरी येतं आणि आदेश नंतर होतो. जन्मदाखल्यावर आमची नावं तर आदेशानंतर चढणार. तोवर ती घरी रुळलेली असेल, मग रजा कशाला?

हजेरीपट | १६ जून २०२४

नेमका प्रश्न विचारलात. कायद्यात शब्द आहेत: मूल दत्तक आईच्या स्वाधीन केल्याच्या तारखेपासून. आदेशाची तारीख नाही, दाखल्याची नाही. संस्था मूल देताना दत्तकपूर्व संगोपनाचं हमीपत्र करून घेते, त्यावर तारीख असते. त्याची प्रत आणि पोर्टलवरचं तुमच्या होकाराचं पान जोडा. आदेश आल्यावर प्रत सादर करीन, असं एक वाक्य अर्जात टाका, म्हणजे त्यांनाही फाइल पूर्ण करता येईल. एचआरलाही वर उत्तर द्यायचं असतं, त्याच्या हातात कागद दिला की त्याचं बळ वाढतं.

लेस्टरकर | १७ जून २०२४

मी मूळची सांगलीची, इथे इंग्लंडमध्ये नोकरी करते. आम्ही २०२१ मध्ये सहा वर्षांचा मुलगा दत्तक घेतला. इथे ५२ आठवडे रजा मिळते, त्यातले ३९ पगारी: पहिले सहा आठवडे पगाराच्या ९० टक्के, पुढचे ३३ सरकारने ठरवलेल्या दराने, तो दर फार नसतो. जोडीदाराला दोन आठवडे. मूल किती महिन्यांचं हे कोणी विचारलंच नाही. मोठ्या मुलाला तर जास्तच वेळ लागतो, त्याला आधीची घरं आठवतात. माझा मुलगा पहिले दोन महिने दप्तर उशाशी घेऊन झोपायचा, उद्या परत जावं लागलं तर सामान तयार असावं म्हणून.

घरट्याची वाट | १८ जून २०२४

अर्ज दिला. काल रात्री दोन वाजेपर्यंत लिहीत होते, नवऱ्याने चहा करून दिला. मुख्य भाग इथे ठेवते, कोणाला लागला तर घ्या.

"मी दिनांक ५ जून २०२४ रोजी काराच्या पोर्टलमार्फत आठ महिन्यांची मुलगी दत्तक घेण्यासाठी राखून ठेवली असून जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात ती माझ्या स्वाधीन होईल. मातृत्व लाभ कायद्यातील तीन महिन्यांची मर्यादा मला माहीत आहे. परंतु मूल दत्तकासाठी कायदेशीर मोकळे होण्यासच किमान दोन महिने लागत असल्याने ही मर्यादा पाळणे माझ्या हातात नव्हते. कलम २७ नुसार कंपनी याहून अधिक लाभ देऊ शकते. गरोदर कर्मचारी सहा-सात महिने आधी कळवू शकते, मला जेमतेम पाच आठवडे मिळाले आहेत, तरी तिमाहीचे काम कोणाकडे सोपवायचे याचे वेळापत्रक सोबत जोडले आहे. मुलगी आजवर पाळीपाळीने बदलणाऱ्या माणसांच्या हातात वाढली आहे. घरातील एक माणूस आपले आहे हे तिला कळण्यासाठी मी सलग तिच्याजवळ असणे आवश्यक आहे. तरी ताबा मिळाल्याच्या तारखेपासून १२ आठवडे विशेष पगारी रजा मंजूर व्हावी आणि कलम ११-अ प्रमाणे पाळणाघराची सोय व्हावी, ही विनंती."

वेळापत्रक जोडायचं माझ्या विभागातल्या सीनियर मॅडमनी सुचवलं. म्हणाल्या, त्यांना तुझ्या लेकीपेक्षा आधी जूनअखेरची काळजी असणार, ती तूच मिटवून टाक. बँक रिकन्सिलिएशन कोण करणार, टीडीएसची तारीख कोण बघणार, सगळं नावानिशी लिहून दिलंय. दोघांनी आपणहून "माझं नाव टाक" म्हटलं, हे मला अपेक्षित नव्हतं.

दोघींची आई | १८ जून २०२४

उत्तम लिहिलंस. माझ्यावेळी असा कागद असता तर.

घरट्याची वाट | ८ सप्टेंबर २०२४

उशीर झाला, माफ करा. हात मोकळे नव्हते.

काय झालं ते सांगते. प्लांट हेडनी बोलावून घेतलं. अर्ज समोर होता, काही ओळींखाली पेन्सिलने रेघा मारल्या होत्या. १२ आठवडे देता येणार नाहीत म्हणाले, पायंडा पडेल. पायंडा पडावा म्हणूनच मागतेय असं माझ्या तोंडून निघून गेलं आणि मग पाच मिनिटं कोणीच बोललं नाही. शेवटी आठ आठवडे पूर्ण पगारी, विशेष रजा म्हणून, वर माझे १९ पीएल. मंजुरीच्या पत्रात तारीख आदेशाची न धरता ताबा मिळाल्याची धरलीय, ९ जुलै. पाळणाघराबद्दल "विचाराधीन" असं उत्तर आलंय. त्यावर मी पुन्हा लिहिलंय, आणि यावेळी माझ्यासोबत शॉपफ्लोअरवरच्या सहा बायकांच्या सह्या आहेत. त्यातल्या चौघींची मुलं आज आजीकडे गावी आहेत. नवऱ्याला त्याच्या १० पीएलशिवाय काही मिळालं नाही. तो संध्याकाळी सहाला घरी येतो आणि थेट तिला आंघोळ घालतो, ते काम त्याने कोणाला दिलेलं नाही.

आठ आठवडे मिळाले म्हणून मी खूश आहे आणि चार मिळाले नाहीत याचा राग आहे. दोन्ही खरं आहे.

आता दोघींची आई, तुमच्यासाठी. पहिले काही दिवस ती रात्री जागी व्हायची आणि रडायची नाही. मी एकदा अडीच वाजता सहज बघितलं तर डोळे टक्क उघडे, आढ्याकडे बघत पडलेली, लंगोट ओला, दुधाची वेळ उलटून गेलेली. रडून कोणी येतं हे तिला माहीतच नव्हतं. एवढ्या जणांना मावश्या तरी किती पुरणार, त्यांना मी बोल लावत नाही. त्या रात्रीपासून मी दर दोन तासांचा गजर लावला आणि तिने न बोलावताच उठून तिला घ्यायला लागले. दिवसा ऑफिसात जाऊन हे मला जमलं असतं का? नसतं जमलं. एक ऑगस्टला पहाटे गजर व्हायच्या आधी ती रडली. मोठ्याने, सगळी बिल्डिंग उठेल असं. नवरा धावत आला, काय झालं म्हणून. मी म्हटलं, काही नाही, मला हाक मारतेय.

पीएल आता सुरू झाल्यात, त्या संपल्या की कामावर हजर होणार. सासूबाई आल्यात, बाळ त्यांच्या मांडीवर बसवून द्यावं लागतं एवढंच. शेजारच्या गल्लीत एक काकू घरगुती पाळणाघर चालवतात, तिथे गेला आठवडाभर रोज एक-एक तास तिला नेऊन मी तिथेच बसून राहते.

नवीनच | १० सप्टेंबर २०२४

धागा पूर्ण वाचला. आम्हाला कालच मेसेज आला, मुलगा एक वर्ष दोन महिन्यांचा. मी पिंपरीत खासगी शाळेत शिक्षिका आहे. माझ्याकडे अजून एकही कागद नाही, अर्ज आत्ता देऊ की मूल घरी आल्यावर?

घरट्याची वाट | १० सप्टेंबर २०२४

आत्ता द्या. आजच. पोर्टलवर मूल राखून ठेवल्याचं पान छापून जोडा, बाकीचे कागद मिळतील तसे देईन असं लिहा. शाळेला बदली शिक्षिका शोधायला वेळ लागतो, तो तुम्ही त्यांना देताय, हेही अर्जात लिहा. आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या, शिक्का आणि तारखेसकट. मी पहिल्या दिवशी घ्यायची विसरले होते, दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन घेतली.

मसुदा वर आहे. कुठे अडलं तर इथेच विचारा, ती दुपारी एक ते तीन झोपते, तेव्हा मी बघते.